जुन्या वेषातला नवा कॅमेरा

आतून सर्वस्वी संगणक आणि बाहेरून आपल्या वडिलांच्या तरुणपणातला, असा कॅमेरा बाजारात रुळला त्याला आता दीड दशक होऊन गेले. माथ्यावर आकडे कोरलेल्या दोन-तीन डायल, भिंगाभोवती फिरणारे कडे, काळ्या रेक्झिनचे खरबरीत अंग आणि रुपेरी मुकुट, असा त्याचा एकंदर थाट. त्याच्या जाहिरातींत वारसा, अभिजातता, परंपरा, आत्मा ही सगळी आपल्या समीक्षेची शब्दसंपदा इतक्या सढळ हाताने वापरलेली असते की साहित्याच्या अध्यापकांनी तिची एकदा झडती घ्यावी, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

त्याला एक व्यावहारिक निमित्तही मिळाले. आमच्या विभागात दोन कपाटे भरतील एवढ्या हस्तलिखित पोथ्या आहेत. कसर लागलेल्या, कडा झडलेल्या. दर पावसाळ्यानंतर त्यांतली काही पाने हाताळण्यापलीकडे जातात. त्यांची आणि आसपासच्या गावांतील वीरगळांची छायाचित्रे काढून ठेवावीत म्हणून महाविद्यालयाने एक रक्कम मंजूर केली. कोणता कॅमेरा घ्यावा असे विद्यार्थ्यांना विचारले, तर त्यांनी जवळजवळ एकमुखाने सुचवला तो असाच, जुन्या वेषातला. हा वेष पैसे मोजण्याच्या लायकीचा आहे काय? उत्तर द्यायचे तर हा वेष मुळात कोठून आला आणि त्यातले काय काय केवळ वेष आहे, हे पाहावे लागते.

१९२५ साली लाइपत्सिगच्या व्यापारमेळ्यात ‘लायका’ हा छोटा कॅमेरा लोकांपुढे आला. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातील ऑस्कार बार्नाक या यंत्रज्ञाने चलच्चित्रपटासाठी बनणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी धरली आणि तिच्यावर २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट आखली. पुढची पाऊणशे वर्षे जग बहुतांशी या चौकटीतून स्वतःकडे पाहत होते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या यंत्रातली आणखी एक युक्ती महत्त्वाची आहे. फिल्म पुढे सरकवणे आणि शटरची स्प्रिंग ताणणे या दोन क्रिया बार्नाकने एकाच गुंडीला जोडल्या. फिल्म सरकली नसेल तर शटर उघडणारच नाही. त्यामुळे एकावर एक दोन चित्रे उमटण्याची भीती गेली. १९५४च्या ‘लायका एम३’मध्ये या गुंडीच्या जागी अंगठ्याने ओढण्याची लिव्हर आली. १९५९च्या ‘निकॉन एफ’मध्ये ती होतीच, आणि पुढे तीस-एक वर्षे ‘कॅमेरा’ म्हटले की उजव्या अंगठ्याची ही हालचाल डोळ्यांपुढे येई. ती शोभेची नव्हती. कॅमेऱ्याला लागणारी सगळी शक्ती त्या अंगठ्यातूनच येत असे. १९८२च्या ‘निकॉन एफएम२’मध्ये सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत उघडझाप करणारे शटर निव्वळ स्प्रिंग-चाकांवर चाले. आत बॅटरी होती ती फक्त प्रकाश मोजण्यासाठी. ती संपली तरी फोटो निघत.

डायलवरच्या आकड्यांचेही तसेच. शटरच्या डायलवर ३०, ६०, १२५, २५०, ५०० असे आकडे असतात; हे सेकंदाचे अंश. एक घर पुढे गेले की प्रकाश निम्मा होतो. भिंगाच्या कड्यावर २.८, ४, ५.६, ८, ११ हे आकडे असतात. तेथेही एक घर पुढे म्हणजे प्रकाश निम्मा. एकीकडे एक घर घटवले आणि दुसरीकडे एक वाढवले की हिशेब जुळतो. छंदःशास्त्र शिकवणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही: दोन लघू म्हणजे एक गुरू. चरणातल्या मात्रा ठरलेल्या, त्यांची मांडणी कवीच्या हाती. आणि मांडणी बदलली की मात्रा तेवढ्याच राहूनही चाल बदलते. तद्वत प्रकाश तेवढाच ठेवून धावत्या घोड्याचे पाय गोठवायचे की पुसट करायचे, मागचा डोंगर स्पष्ट ठेवायचा की विरघळवायचा, हे या दोन चकत्यांच्या मांडणीत ठरते. छायाचित्रणाचे सारे व्याकरण अशा रीतीने हाताला लागेल असे कॅमेऱ्याच्या माथ्यावर कोरलेले होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे डायल डिजिटल युगाने घालवले, असे विद्यार्थी समजतात आणि जाहिरातीही तसेच सुचवतात. ते खरे नाही. डायल गेले ते फिल्मच्याच काळात. १९८५ साली ‘मिनोल्टा ७०००’ हा कॅमेरा आला. तो भिंग आपोआप जुळवी. फिल्म ओढायला त्याच्या पोटातच मोटर होती, म्हणून लिव्हर गेली. शटरच्या डायलऐवजी बटणे आणि एक छोटी पाटी आली, तिच्यावर आकडे उमटत. दोन वर्षांनी कॅननची ईओएस मालिका सुरू झाली आणि काळ्या प्लॅस्टिकचा, बटणांचा, गोलसर अंगाचा कॅमेरा हीच रूढी होऊन बसली. म्हणजे फिल्मची शेवटची पंधरा-वीस वर्षे बव्हंशी बिनडायलची होती. १९९५चा कॅमेरा दाखवून ‘पाहा, आपला वारसा’ असे कोणी म्हणत नाही. वारसा म्हणून जे परत आणले जाते ते निवडून आणलेले असते. या निवडीत १९८५ नंतरचे फिल्मयुग सोयिस्करपणे गाळलेले आहे. वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांना ही कलाही परकी नसावी.

डिजिटल कॅमेऱ्याने हा नवा, काळा आकारच वारशाने घेतला. पहिला उलटा प्रवाह दिसतो २००४ साली, ‘एप्सन आर-डी१’ या विलक्षण यंत्रात. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीने कोसिना या जपानी कारखान्याच्या फिल्म-कॅमेऱ्याचा सांगाडा घेऊन त्यात ६१ लाख बिंदूंचा सेन्सर बसवला. माथ्यावर घड्याळासारखे काटे होते: एक काटा उरलेली चित्रे दाखवी, एक बॅटरी. आणि लिव्हरही होती. फिल्म नसताना लिव्हर कशाला, असा प्रश्न कोणीही करील. पण आतले शटर जुन्याच घराण्याचे, स्प्रिंगचे होते आणि ते ताणण्यासाठी लिव्हर ओढावीच लागे. दोन कामांपैकी एक काम संपले होते, एक शिल्लक होते. लिव्हर अर्धी निवृत्त झाली होती म्हणा ना!

२००९ साली ऑलिंपसने ‘पेन’ हे जुने नाव परत आणले. मूळचा ‘पेन’ १९५९चा, योशिहिसा मैतानी यांनी रचलेला. फिल्म महाग म्हणून तो एका चौकटीत दोन चित्रे घेई. छत्तीसच्या रोलवर बहात्तर. नव्या ‘पेन’ने त्याचा चेहरा घेतला, काटकसर घेतली नाही, कारण वाचवायला फिल्मच नव्हती. (मैतानींचे निधनही त्याच वर्षी झाले.) आणि मग सप्टेंबर २०१०मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात फुजीफिल्मने ‘एक्स१००’ दाखवला. १ कोटी २३ लाख बिंदू, बदलता न येणारे एकच भिंग, त्याच्यावर खरेखुरे अ‍ॅपर्चरचे कडे, माथ्यावर शटरचा डायल. २०११च्या मार्चमध्ये तो दुकानांत येतो न येतो तोच भूकंपाने मियागी प्रांतातला कारखाना थांबला. तरीही ज्याला आज ‘रेट्रो’ म्हणतात त्या लाटेची खरी सुरुवात या कॅमेऱ्यापासून धरावी लागेल. त्यानंतर ऑलिंपसची ओएम-डी मालिका (२०१२), निकॉनचे डीएफ (२०१३), झेडएफसी (२०२१) आणि झेडएफ (२०२३) अशी रांगच लागली.

या सगळ्यांना एकाच माळेत ओवण्याची पद्धत आहे. आमच्या मते ती चूक आहे, आणि खरेदीचा निर्णय नेमका याच ठिकाणी अडतो.

‘एक्स१००’ हाती घ्या. शटरच्या डायलवर आकड्यांच्या शेजारी ‘ए’ हे अक्षर आहे, भिंगाच्या कड्यावरही आहे. दोन्ही ‘ए’वर ठेवले तर सगळे कॅमेरा ठरवतो, एक आकड्यावर आणले तर तेवढे आपण ठरवतो, दोन्ही आणले तर सगळे आपण. वेगळी कळ नाही. कॅमेरा बंद असला तरी नुसते वरून पाहून तो काय करणार आहे ते वाचता येते. येथे जुने चिन्ह जुन्याच अर्थाने बोलते. चिन्ह आणि अर्थ यांतली गाठ सुटलेली नाही.

आता ‘झेडएफसी’ घ्या. दिसायला तो ‘एफएम२’चा जुळा भाऊ. डायल धातूचे, आकडे कोरलेले, फिरवताना बोटांना सुख देणारे. पण कोपऱ्यात एक छोटी कळ आहे, आणि ती स्वयंचलित बाजूला असेल तर शटरचा डायल केवळ दिसतो. त्यावर ४००० लिहिलेले असते आणि कॅमेरा खुशाल साठाव्या भागाने चित्र घेत असतो. त्याच्याबरोबर मिळणाऱ्या जुन्या धाटणीच्या भिंगावर खाचा पाडलेले देखणे कडे आहे. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र नाहीत. ते माथ्यावरच्या एका इवल्याशा खिडकीत उमटतात. म्हणजे काम करताना विश्वास ठेवायचा तो पडद्यावर, आणि डायलकडे पाहायचे ते कौतुकाने. कॅमेरा म्हणून तो वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याची चित्रे उत्तम येतात. पण खोटे बोलू शकणाऱ्या डायलसाठी जादा पैसे का मोजावेत, याचे उत्तर आम्हांला मिळालेले नाही.

लिव्हरची पुढची हकिकत याहून मनोरंजक आहे. २०१८ साली लायकाने ‘एम१०-डी’ काढला. पाठीमागे पडदाच नाही. चित्र कसे आले ते लगेच पाहण्याची सोय काढून टाकलेली. उजव्या अंगठ्यापाशी लिव्हर आहे, ओढली की बाहेरही येते, पण तिच्याने काहीच होत नाही. अंगठा टेकवायला जागा, एवढाच तिचा उपयोग. २०२५ साली फुजीफिल्मने ‘एक्स हाफ’ आणला, त्या जुन्या अर्ध्या चौकटीच्या आठवणीत. त्यात फिल्म-कॅमेऱ्याची एक नाटकी व्यवस्था आहे: ३६, ५४ किंवा ७२ चित्रांचा ‘रोल’ निवडायचा, तो संपेपर्यंत चित्रे पाहायची नाहीत, आणि प्रत्येक चित्रानंतर लिव्हर ओढायची. नाही ओढली तर पुढचे चित्र निघत नाही. बार्नाकच्या यंत्रात लिव्हर-गुंडी अडवत असे ती फिल्म वाया जाऊ नये म्हणून. येथे अडवते ती अडवल्यासारखे वाटावे म्हणून. बिघडलेल्या पेटीतून प्रकाश गळाल्याचे आणि मुदत उलटलेल्या फिल्मचे डागही हवे तर चित्रावर मिळतात. याच्याही पुढची पायरी लायकाने २०१५ सालीच गाठली होती. एका अमेरिकन गायकाने रचलेल्या ‘एम-पी कॉरस्पॉन्डंट’च्या १२५ संचांत कोऱ्या कॅमेऱ्याचा रंग मुद्दाम घासून आतले पितळ उघडे केलेले होते. जे युद्ध या कॅमेऱ्याने पाहिलेच नाही त्याच्या जखमा त्याच्या अंगावर कारखान्यातच करून दिल्या.

जुन्या साधनात गरजेपोटी आलेला आकार नव्या साधनात शोभा म्हणून टिकून राहतो, या प्रकाराला १८८९ साली हेन्री कॉली मार्च या इंग्रज अभ्यासकाने ‘स्क्यूमॉर्फ’ असे नाव दिले. शब्द उच्चारायला अवघड आहे, पण वस्तू आपल्या घरातली आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात ते छताच्या दगडात लाकडी फासळ्या कोरल्या आहेत म्हणून. आणि आमच्या कपाटांतल्या पोथ्या तर याच प्रश्नाचे जुने रूप आहेत. ताडाचे पान लांबट आणि अरुंद असते. म्हणून ताडपत्रावरची पोथी लांबट झाली. पाने एकत्र ठेवायला मध्ये भोक पाडून दोरी ओवत. पुढे कागद आला. कागद कोणत्याही आकाराचा कापता येतो, तरी पोथी लांबटच राहिली. मग मुंबई-पुण्याला शिळाप्रेस आणि खिळाप्रेस आले; छापील पोथीही लांबट आणि सुट्या पानांचीच निघाली. आजही गुरुचरित्राची सुट्या पानांची पोथी बाजारात मिळते. हे सारे अंधानुकरण म्हणून निकालात काढता येईल काय? पारायणाला बसलेल्या माणसाकडे पाहावे. पाने सुटी आहेत म्हणून पोथी चौरंगावर सपाट राहते, मिटत नाही. वाचून झालेले पान उचलून पलीकडे पालथे घातले की किती झाले, किती उरले, हे डोळ्यांना दिसते. दोन्ही हात मोकळे राहतात. ताडपत्र गेले तरी त्या आकाराचे काम गेले नव्हते.

पण पश्चिम भारतातल्या जैन हस्तलिखितांत दुसरीही गोष्ट दिसते. कागद आल्यावर दोरीची गरज उरली नाही, भोक पाडणे थांबले. तरी लेखक पानाच्या मध्यभागी तेवढी जागा कोरी सोडत राहिले, आणि पुढे पुढे त्या कोऱ्या जागेत लाल ठिपका रंगवू लागले. न पाडलेल्या भोकाचे चित्र! ठिपका सुंदर दिसतो. आम्ही त्याच्यावर तासन्‌तास बोलू शकतो. पण त्यातून दोरी ओवता येत नाही.

‘एक्स१००’चा डायल म्हणजे छापील पोथीची सुटी पाने आणि ‘एम१०-डी’ची लिव्हर म्हणजे तो लाल ठिपका. प्रत्येक जुन्या वेषाच्या कॅमेऱ्यात या दोहोंचे मिश्रण असते. विकत घेणाऱ्याने ते प्रमाण तपासावे. या निकषावर आम्हांला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो निकॉनचा ‘डीएफ’. तो आता बनत नाही आणि दिसायलाही काहीसा बोजड होता. स्वयंचलित बाजूला गेले की डायल मुके होण्याचा दोष त्याच्यातही होताच, चलच्चित्रणाची सोयही नव्हती. पण १९५९ पासून निकॉनने भिंग बसवण्याची खाच बदललेली नव्हती, आणि ‘डीएफ’मध्ये एक छोटा दांडा दुमडता येत असे; तो दुमडला की १९७७ पूर्वीची भिंगेही त्याच्यावर चढत. परंपरेशी नाते सांगायचे तर ते असे सांगावे. पूर्वजांचा अंगरखा घालण्यापेक्षा त्यांची हत्यारे वापरता येणे अधिक मोलाचे.

साहित्यातही आपण हाच भेद करत आलो आहोत. बा. सी. मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाचे रिकामेपण सांगायला संतांच्या अभंगाचा साचा उचलला. तो साचा त्यांच्या हाती फिरतो, आकडा बदलतो, अर्थ बदलतो. जुन्या भक्तीची चाल आणि नव्या वैफल्याचा आशय यांच्या घर्षणातूनच ती कविता घडते. उलट ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या लाटेत बखरीची क्रियापदे आणि ‘जाहले’, ‘वदले’ यांची जी आरास झाली, तिच्यातले बरेचसे म्हणजे नुसती टेकण्यापुरती लिव्हर. अपवाद आहेत, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता या वेषामागच्या स्मरणरंजनाविषयी. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलच्या प्रबंधात घडवला, तो परमुलखात राहणाऱ्या स्विस तरुणांना जडणाऱ्या घरओढीच्या रोगासाठी. घर होते, ते सोडले होते, म्हणून ओढ. मग आमच्या विद्यार्थ्यांना ही ओढ कशाची? त्यांच्यापैकी कोणीही रोल धुवायला टाकून चार दिवस वाट पाहिलेली नाही. आणि खरे सांगायचे तर आमची, म्हणजे आज चाळिशीत असलेल्यांचीही ही स्मृती नव्हे. मराठी मध्यमवर्गीय घरात जो कॅमेरा होता त्याला डायल कोठे होते? बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनणारा ‘आग्फा क्लिक-३’ आठवावा. काळी पेटी, एका रोलवर बारा चौकोनी फोटो, ऊन आणि ढग अशा दोन खुणा. पाठीमागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत गुंडी पिळायची. विसरले तर लग्नातल्या आत्याबाईंच्या अंगावर मुंजीतला बटू उमटे. बार्नाकची जोडणी, लिव्हर, शटरचे डायल यांतले काहीही त्या पेटीत नव्हते. मग ‘हॉट शॉट’ आला, मग कोडॅकचे स्वस्त प्लॅस्टिकचे डबे आले. फिल्म स्वदेशी असावी म्हणून १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना झाली आणि ‘इंदू’ या नावाची फिल्म निघाली. तिच्यासाठीदेखील आज कोणी हळवे होत नाही. डायलवाला कॅमेरा असे तो स्टुडिओवाल्यांच्या, वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या आणि लग्नात ‘जरा हसा’ म्हणणाऱ्या फोटोवाल्या काकांच्या गळ्यात. आपण त्याच्यापुढे उभे राहत होतो, मागे कधीच नव्हतो. तेव्हा जपानी कंपन्या आपल्याला विकतात तो आपला भूतकाळ नाही. टोकियोच्या किंवा न्यूयॉर्कच्या सुखवस्तू हौशी माणसाचा तो भूतकाळ आहे. भाड्याने घेतलेल्या दागिन्यांसारखा तो अंगावर शोभेलही, पण ‘आजीची आठवण’ म्हणून मिरवता येणार नाही.

तरीही या ओढीला नुसते हसून चालत नाही. २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ही संख्या ८० लाखांच्या आत आली. फोनने हा धंदा गिळला. उरलेल्या ग्राहकाला फोन जे देत नाही ते द्यायचे, तर चित्राच्या दर्जापेक्षा चित्र काढण्याची क्रियाच विकायला हवी, हे कंपन्यांनी ओळखले. ‘एक्स१००व्ही’ २०२० साली आला, तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. दोनेक वर्षांनी टिकटॉकवरच्या तरुणांनी त्याला उचलून धरले आणि तो दुकानांतून दिसेनासा झाला. वापरलेला कॅमेरा नव्याहून महाग विकला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२४मध्ये ‘एक्स१००सहा’ आला. बिंदू ४ कोटी, तेव्हा अमेरिकेत किंमत १५९९ डॉलर, आपल्याकडे दीड लाखाच्या पुढे. या मुलांना फिल्म नको आहे. बोटाने काच घासण्याऐवजी काहीतरी फिरवायचे, ठरवायचे आणि त्या ठरवण्याची जबाबदारी आपल्यावर घ्यायची, ही त्यांची भूक आम्हांला खरी वाटते. लघुगुरूचा हिशेब ज्या पिढीला कोणी शिकवला नाही तिला तो डायलवर सापडत असेल, तर त्याला स्मरणरंजन हा शब्द तोकडा पडतो.

हाच कॅमेरा फिल्मच्या रंगांचीही नक्कल करतो: ‘वेल्विया’, ‘अक्रॉस’ अशी जुन्या रोलची नावे त्याच्या यादीत आहेत. गंमत अशी की ‘अक्रॉस’ हा रोल फुजीफिल्मने २०१८ साली बंद केल्याचे जाहीर केले, पण कॅमेऱ्यातली त्याची नक्कल चालूच होती; पुढच्या वर्षी मागणीमुळे रोल सुधारून परत आणावा लागला. मूळ संहिता हरवली आणि भाषांतर टिकले, मग भाषांतराच्या वाचकांनी मूळ संहितेची मागणी केली, असा हा प्रसंग आहे.

विभागाच्या खरेदीचा निर्णय मात्र आम्हांस फारसा अवघड गेला नाही. पोथीचे पान टिपायचे म्हणजे कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बांधायचा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड टाकायचा, एकदा शटर-अ‍ॅपर्चर ठरवायचे आणि पुढची दोनशे पाने त्याला हात लावायचा नाही. डायल देखणा असो वा नसो, तो दिवसभर धूळ खात बसणार. तेथे हवे असते ते कडेपर्यंत सरळ रेघ सरळच दाखवणारे मॅक्रो भिंग, चांगले दिवे आणि कॅमेरा न हलवता चित्र संगणकावर पाहण्याची सोय. वीरगळाला तर तिरपा उजेड आणि ट्रायपॉड यांवाचून गत्यंतर नाही. झिजलेल्या शिल्पातला घोडा समोरच्या उन्हात दिसतच नाही. म्हणून काळ्या प्लॅस्टिकचा, बटणांचा, एका पिढीने जुना असा साधा कॅमेरा आणि उरलेल्या पैशांत भिंग, दिवे व स्टँड, अशी शिफारस आम्ही केली. विद्यार्थी नाराज झाले. त्यांची नाराजी आम्हांस मान्य आहे.

स्वतःच्या पैशाने घ्यायचा झाला तर? येथे आम्हा तिघांत एकमत नाही. एकाचे म्हणणे, वर्षाकाठी दहा-बारा विद्यार्थ्यांना प्रकाशाचे व्याकरण शिकवायचे असेल, तर खरे बोलणाऱ्या डायलचा फुजीचा एखादा वापरलेला कॅमेरा घ्यावा. चाळीस मिनिटांच्या तासात जे फळ्यावर समजत नाही ते तो पाच मिनिटांत हाताला शिकवतो. दुसऱ्याचे म्हणणे, त्यासाठी ‘एफएम२’सारखा खरा जुना कॅमेराच शोधावा, पण रोलची किंमत आणि तो धुऊन देणारी दुकाने मोठ्या शहरांखेरीज जवळजवळ नाहीशी झाल्याची वस्तुस्थिती पाहता हा आग्रह त्याने अलीकडे सैल केला आहे. तिसऱ्याला दोन्ही नकोत. त्याचा फोन त्याला पुरतो. लिव्हरच्या नाटकासाठी पैसे मोजू नयेत, यावर मात्र तिघांचेही एकमत आहे. स्टँड गेल्या आठवड्यात आला. दिवाळीच्या सुटीत पहिल्या कपाटापासून सुरुवात करायची असून, अगोदर पाने पुसून क्रमवार लावण्यासाठी चार विद्यार्थी हवे आहेत.